बांधीतला आवाज
गोंदियाकडे धानाच्या बांधीत रोवणी चालू असली की बायांचा आवाज दोन धुऱ्यांपलीकडे जातो: थट्टा, मजुरीची घासाघीस, मालकाला टोमणे. त्याच बाया ग्रामसभेत पदर सावरून मागे बसतात. बाईला चारचौघांत बोलता येत नाही, हे निदान मला मुळीच पटत नाही. महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आहे. २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागाही राखीव आहेत. तरी सरपंचबाईंना प्रश्न विचारला की पुष्कळदा उत्तर देतात शेजारचे ‘सरपंचपती’. (विचारणाराही बघत असतो त्यांच्याचकडे!) मध्येच बोलणारा पुरुष अभ्यासू ठरतो, बाई तोंडाळ. सभेच्या इतिवृत्तात ठरावांसोबत कोण किती बोललं, याचीही नोंद ठेवायला काय हरकत आहे?