यंत्राची नाडी आणि पथ्य

संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी रब्बीच्या पिकाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्यास वीज कोठे निर्माण होते याच्याशी कर्तव्य नसते. पंप ठरल्या वेळी चालावा एवढीच त्याची अपेक्षा. परंतु शेजारच्या अकोला जिल्ह्यातील पारस येथे २५० मेगावॉटचा एखादा संच अकस्मात बंद पडला की ती तूट सबंध वीजजाळ्यास सोसावी लागते. आणि ती वेळेवर भरून न निघाल्यास भारनियमनाची कुऱ्हाड प्रथम कोणावर कोसळते, हे सांगण्यास ज्योतिषी नको. विद्युत्केंद्रांतील यंत्रांची निगा हा म्हणूनच केवळ अभियंत्यांचा प्रश्न नव्हे, तो लोकांचा प्रश्न आहे.

निगा राखण्याच्या रूढ रीती दोन. यंत्र मोडल्यावर धावाधाव करावयाची, ही पहिली. तहान लागल्यावर विहीर खणण्यातला हा प्रकार. दुसरी, पंचांग पाहून ठरल्या मुदतीस यंत्र उघडावयाचे. ही पहिलीहून शहाणपणाची खरी, पण निर्दोष नव्हे. दुसऱ्या महायुद्धात वॉडिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने हवाई दलाच्या विमानांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मुदतीची तपासणी उरकल्यावर लगेच बिघाड कमी होण्याऐवजी वाढतात असे त्याला आढळले. धडधाकट भागही उगाच उकलले जात आणि त्यातूनच नवे दोष शिरत.

तिसरी रीत वैद्याची आहे. मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या टर्बाइनचे कंपन वाढू लागले, बेअरिंग तापू लागले, वंगणाच्या तेलात धातूचे कण दिसू लागले, रोहित्राच्या तेलात ॲसिटिलीन वायू सापडला, तर ही सारी येणाऱ्या दुखण्याची लक्षणे होत. ती रोजच्या रोज मोजून, मागील नोंदींशी ताडून पाहिली म्हणजे कोणता भाग कधी उघडावा हे पंचांगाऐवजी यंत्रच सांगते. आपल्याकडे पावसाळ्यात विजेची मागणी उतरते. एखादा दुबळा भाग तोवर तग धरील की उन्हाळ्याच्या तोंडीच संच थांबवावा लागेल, हे आधी कळणे म्हणजे निम्मे संकट टळणे होय. दुरुस्ती टळत नाही. तिची वेळ मात्र आपल्या हाती येते.

परंतु नाडी पाहणे निराळे आणि पथ्य पाळणे निराळे. सायबेरियातील सायानो-शुशेन्स्काया जलविद्युत्केंद्रात १७ ऑगस्ट २००९ रोजी दुसऱ्या क्रमांकाच्या संचाचे झाकण उडाले, यंत्रगृहात पाणी घुसले आणि ७५ माणसे प्राणास मुकली. त्याच वर्षी मार्चमध्ये त्या संचाची दुरुस्ती पार पडली होती. म्हणजे पंचांग पाळले गेले होते. झाकण धरून ठेवणारे बोल्ट मात्र झिजून दुबळे झाले होते. कंपन मर्यादेबाहेर गेले असताही संच चालूच राहिला, असे चौकशीत निष्पन्न झाले. यंत्र बोलत होते. ऐकणारा कोणी नव्हता.

आजच्या मोठ्या संचांवर कंपन व उष्णता मोजणारी साधने बसविलेली असतात. तेव्हा केवळ नवी साधने खरेदी केल्याने कर्तव्य संपले असे कोणी मानू नये. कडक उन्हाळ्यात, मागणी शिगेला पोहोचली असता, ‘आज संच थांबवा’ असे सांगणाऱ्या अभियंत्याचे म्हणणे वरिष्ठ मानतात काय, हा खरा प्रश्न आहे. आमच्या मते हा अधिकार त्याला लेखी दिला पाहिजे, आणि त्याने दिलेला इशारा बाजूला सारणाऱ्यानेही आपली कारणे लेखीच नोंदवली पाहिजेत. महानिर्मितीने प्रत्येक अकस्मात बंदनंतर दोनच गोष्टी सोप्या मराठीत जाहीर कराव्यात: लक्षण प्रथम केव्हा दिसले, आणि त्यावर काय केले.

योजून घेतलेली चार दिवसांची विश्रांती शहरवासीयांना थोडी जाचेल. पण अवचित कोसळलेल्या महिन्याच्या दुखण्यापेक्षा ती केव्हाही परवडली. ती गैरसोय समजुतीने सोसणे, हे आपणा सुशिक्षितांच्या वाट्याचे पथ्य आहे.