गुलाबी मागितलं, हिरवं मिळालं

पहाटे साडेचारला पिंपळगाव रेणुकाईत जागं असतं ते फक्त मिरचीवालं माणूस. हिरव्या मिरचीचा एक ट्रक ताडपत्री आवळून परराज्याच्या वाटेला लागला आणि त्याच्या मागोमाग प्रस्तुत लेखकही निघाला. सोबत कॅमेऱ्याची बॅग, ट्रायपॉड, आईनं बांधून दिलेली भाकरी-ठेचा आणि दहावीतला भाचा. एका दिवसात तळी आणि झाडी टिपून अंधार पडायच्या आत घरी, असा बेत होता. भाच्याची अट एकच: लोणारचं सरोवर गुलाबी दिसलं पाहिजे.

पहिला मुक्काम शेलूदचं धामणा धरण. सप्टेंबर सरत आलेला, पाण्यावर धुकं, काठाला बगळे. फोटोला यापेक्षा काय हवं? पण धरणाच्या भिंतीकडे नुसतं चित्र म्हणून बघणं इथल्या माणसाला जमत नाही. 2 जुलै 2019च्या रात्री कोकणात तिवरे धरण फुटलं आणि त्याच दिवसांत धामणाच्या सांडव्याच्या भिंतीतून पाणी झिरपत असल्याच्या बातम्या आल्या. खालच्या गावांची झोप उडाली होती. लेखकानं भिंत चौकटीबाहेर ठेवून फक्त धुकं घेतलं. फोटो सुंदर आला, आणि थोडा खोटाही.

पुढे जाफराबाद, देऊळगाव राजा. सिंदखेड राजाला मोती तलावाच्या जुन्या दगडी बांधावर दहा मिनिटं थांबून चहा घेतला. भाचा मात्र गाडीतून उतरलाच नाही. त्याला गुलाबीची घाई.

लोणारच्या काठावर पोचल्यावर त्यानं खाली बघितलं, मग मोबाइलमधला जुना फोटो बघितला, मग पुन्हा खाली.

“मामा, हे तर हिरवं हाय.”

हिरवंच असतं. पाण्यात स्पिरुलिनासारखे सूक्ष्मजीव माजतात, त्यांचा तो रंग. गुलाबी झालं होतं जून 2020मध्ये. टाळेबंदीचे दिवस. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दखल घेतली, वनखात्यानं नमुने पाठवले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत कळलं, की उन्हाळ्यात पाणी आटून खारेपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात फोफावणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांनी हा रंग आणला. गंमत म्हणजे ते जीव तळाशी बसल्यावर वरचं पाणी पुन्हा नितळ दिसू लागलं. म्हणजे जगभर फिरलेला तो फोटो काही दिवसांच्या पाहुण्याचा होता.

दुसरी फसगत गोलाईची. उल्केच्या आघातानं बेसॉल्ट खडकात झालेलं हे विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद, कडेपासून पाण्यापर्यंत साधारण 137 मीटर खोल. आकाशातून ते परातीसारखं गोल दिसतं. काठावर उभं राहिलं, की वाइड लेन्स लावा नाहीतर मोबाइलचा पॅनोरमा फिरवा, परातीची केळीच्या पानासारखी लांबट पट्टी होते. अभयारण्यात ड्रोन मनाला येईल तसा उडवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. तेव्हा गुलाबीही गेलं, गोलही गेलं. उरली झाडी.

आणि झाडीच खरी बघण्यासारखी निघाली. जुन्या वर्णनांत विवरातल्या झाडांचे पट्टे सांगितलेत: आधी शिंदीची झाडं, मग चिंचा, मग बाभळी, मग नुसता चिखल. उतरताना पायवाटेवर ऊन गाळून येतं, माकडं वरून खेकसतात, एखादा मोर दिसतो आणि कॅमेरा उचलेपर्यंत नाहीसा होतो. पाण्याच्या काठाजवळ मात्र दाट हिरवी भिंत लागते ती बहुतेक वेड्या बाभळीची. 1870च्या दशकात अमेरिका खंडातून भारतात आणलेलं हे झाड. फोटोत ते छानच दिसतं, हीच पंचाईत. ज्याला हे झाड ओळखता येत नाही तो म्हणेल, काय जंगल आहे!

फोटोच्या या पंचाइतीवरून इथेच रॉबर्ट गिल आठवला. हा ब्रिटिश अधिकारी 1844मध्ये अजिंठ्याची चित्रं नकलायला नेमला गेला, तो अजिंठा गावात राहिला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला 1866मध्ये आग लागली, त्यात त्याच्या बऱ्याच नकला जळाल्या. तो कॅमेराही वापरी. 1864 साली त्याची वास्तू आणि निसर्गाची शंभर जोडचित्रं पुस्तकात आली. त्या काळी काचेला रसायन फासायचं, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत अंधाऱ्या तंबूत धुवायचा. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. भाच्यानं तेवढ्या वेळात दोनशेच्या वर फोटो काढले होते. त्यातले एकशेनव्वद स्वतःचे.

पाण्याच्या काठावर कुजक्या अंड्यांचा वास. गेल्या काही वर्षांत पाणी चढत आलंय. त्यात बुडालेल्या बाभळींची वाळकी खोडं उभी होती, बुंध्याला पांढरी रेघ. पोलरायझर फिरवताच पाण्यावरची चकाकी गेली आणि आतला दाट हिरवा वर आला. त्या करड्या खोडांमधून एक शेकाट्या पक्षी लाल काटक्यांसारखे पाय टाकत चालला होता. लेखकानं श्वास धरला. तेवढ्यात ट्रायपॉडचा एक पाय चिखलात रुतला, कॅमेरा कलला आणि शेकाट्या उडाला. हाती राहिली खोडं. तिरकी.

“हाच ठेवा मामा,” भाचा म्हणाला, “बाकीचे सगळ्यांकडं असत्यात.”

घरी पोचायला रात्रीचे नऊ. आईनं कॅमेऱ्याच्या पडद्यावर ती खोडं बघितली आणि विचारलं, “कोणाचं शेत बुडालं रे?” अंगणात ट्रायपॉड धुवायला घेतला तर पायांवर पांढरट थर वाळलेला. आइन-ई-अकबरीत या भागाबद्दल लिहिलंय, की काच आणि साबण करायला लागणारं सगळं इथे मिळतं. पाणी ओतल्यावर थर सुटला तो बोटांना बुळबुळीत लागला, साबणासारखाच. भाच्यानंही बोट लावून बघितलं, वास घेतला आणि आत पळाला.