गोंडस खोकं आणि आपली गुपितं

बॉक्सी नावाचा एक रोबो होता. अलेक्झांडर रेबेनने एमआयटी मीडिया लॅबमध्ये शिकताना, २०१० च्या सुमारास बनवलेला. चालतंफिरतं पुठ्ठ्याचं खोकं, आत कॅमेरा. भेटेल त्याला बोलतं करायचं, एवढंच त्याचं काम. पुढे त्याचाच भाऊ, ब्लॅबड्रॉइड. त्याने २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ट्रायबेका फिल्म फेस्टिव्हलला आलेल्यांच्या मुलाखती घेतल्या. आवाज लहान मुलाचा आणि प्रश्न काय, तर तुझं सगळ्यात जास्त प्रेम कुणावर आहे? आणि लोक बोलले की राव, अगदी मनातलं!

यावर आमची टेक जनता खूश. म्हणे रोबो तुम्हाला जज करत नाही, म्हणून माणूस मोकळा होतो.

साफ चूक. रोबो जज करत नाही हे खरं, कारण तो ऐकतच नाही. ऐकणारा नंतर येतो, आरामात, हेडफोन लावून.

जोसेफ वायझेनबाउमचा एलायझा प्रोग्रॅम १९६६ चा. तुमचंच वाक्य फिरवून प्रश्न म्हणून परत देणारा, बाकी डोकं शून्य. त्याच्या सेक्रेटरीला हे पक्कं ठाऊक होतं, तरी टाइप करायला बसल्यावर तिने त्यालाच खोलीबाहेर जायला सांगितलं. हा किस्सा सगळे सांगतात. पुढचा फारसा कुणी सांगत नाही. लोकांचे एलायझाशी झालेले संवाद आपण वाचावेत, असं त्याने नुसतं बोलून दाखवलं तर लोक खवळले, ही तर हेरगिरी! म्हणजे बघा, मशीनला सांगायला ना नव्हती. मशीनमागच्या माणसाने वाचायला होती.

तो मशीनमागचा माणूस मी होतो, म्हणून एवढं लागतंय. एका प्रोजेक्टवर चॅटबॉटचे लॉग तपासायचं काम होतं. पार्सल कुठे पोचलं विचारणाऱ्या एका बाईंनी मध्येच लिहिलं होतं की त्या पार्सलमध्ये आईचं औषध आहे, आणि घरात दुसरं कुणी नाही. बॉटने ऑर्डर नंबर मागितला. आम्ही चहा पिता पिता ते मोठ्याने वाचलं आणि हसलो. हो, मीपण.

रेबेनचा उद्देश फिल्म बनवण्याचा होता, लोकांची परवानगीही घेतली असेल. त्याच्याशी माझं भांडण नाहीच. पण उद्या कुणी मॉलमध्ये, म्युझियममध्ये असलंच मोठ्या डोळ्यांचं खोकं उभं करून आलेल्यांच्या मुलाखती घ्यायला लागला, तर ते गोंडसपण मुद्दाम केलेलं डिझाइन असणार. क्लिपबोर्डवाल्या मुलाला आपण हात हलवून कटवतो. खोक्यापुढे वाकून बसतो.

तेव्हा निदान एवढं करा. खोक्याने पहिलं वाक्य हे बोलावं की तुमचं बोलणं अमुक तमुक माणसं ऐकणार आहेत आणि इतके दिवस ठेवणार आहेत. त्याच गोड आवाजात, कुठेतरी चिकटवलेल्या स्टिकरवर नाही. मग कुणी बोललंच नाही तर? नाही तर नाही.