भिवंडीत गोदामं बांधणाऱ्यांना आणि परवानगी देणाऱ्यांना

प्रति,
आयुक्त, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, जिल्हाधिकारी, ठाणे, तसेच भिवंडी तालुक्यात गोदामं बांधणारे विकासक, जमीनमालक आणि ती भाड्याने घेणाऱ्या कंपन्या यांस,



मुंबईच्या जकात नाक्याबाहेर, नाशिक महामार्गावर आणि बंदरापासून एका रात्रीच्या अंतरावर असल्यामुळे भिवंडीत माल उतरू लागला. 1 जुलै 2017 ला जकात गेली, पण गोदामं वाढतच राहिली. आज काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, माणकोलीपासून सोनाळे, वडपे, पडघ्यापर्यंत पत्र्याची छपरं दिसतात. 2025 च्या जूनपासून समृद्धी महामार्गही याच तालुक्यातल्या आमणे गावापर्यंत आला आहे. म्हणजे आत्ता आहे त्याहून कितीतरी अधिक बांधकाम यायचं आहे. म्हणूनच हे पत्र आत्ता लिहितो आहे. मी याच तालुक्यात राहतो आणि शेडच्या पायाची, जोत्याची कामं करतो.

पहिली गोष्ट भरावाची. ट्रकचा हौदा जमिनीपासून साधारण चार फुटांवर असतो. फाळका उघडला की माल सरळ आत ढकलता यावा म्हणून गोदामाची जमीन त्याच पातळीला आणतात. पूर्वी एवढ्यासाठी फक्त गाळ्याचा जोता उंच असायचा, अंगण शेताच्या पातळीला असायचं. आता पावसात माल भिजू नये म्हणून अख्खा प्लॉट मुरुमाने भरतात आणि त्यावर पुन्हा चार फुटांचा जोता चढवतात. शेजारचा त्याहून वर भरतो. या जमिनी भाताची खाचरं होती. एका खाचरातलं पाणी बांधाच्या मोरीतून दुसऱ्यात, तिथून नाल्यात, नाल्यातून कामवारी नदीला किंवा खाडीला जायचं. त्या मोऱ्या कुठल्याही नकाशावर नव्हत्या, त्यामुळे डंपर खाली करताना त्या कोणाला दिसल्याच नाहीत. परिणाम असा की जुनं गावठाण आता सगळ्यांत सखल राहिलं आहे आणि जुलैत पाणी घरांत शिरतं.

आता छपराचा हिशेब मांडतो. एक लाख चौरस फुटांचं छप्पर म्हणजे सुमारे 9,300 चौरस मीटर. एका दिवसात 100 मिलिमीटर पाऊस झाला तर त्या एका छपरावरून नऊ लाख लिटरांच्या वर पाणी खाली येतं. आपल्याकडे असे दिवस दर पावसाळ्यात येतात. हंगामाचा पाऊस अडीच हजार मिलिमीटर धरला तर आकडा सव्वादोन कोटी लिटरांवर जातो. राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत 500 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडाला पर्जन्यजलाची सोय सक्तीची आहे, आणि नकाशात ती दाखवलेलीही असते: कोपऱ्यात दोन शोषखड्डे. खाडीकाठच्या चिकण मातीत शोषखड्डा पहिल्या पंधरा दिवसांत तुडुंब भरतो आणि मग पाणी जिरवणं बंद करतो. इथे हवं आहे ते उघडं तळं. प्रत्येक कंपाउंडात छपरांच्या मापाचं, अस्तर घातलेलं, नाल्याला सांडव्याने जोडलेलं. पावसाच्या भरात ते पाणी धरून ठेवील, उन्हाळ्यात वापरायला देईल आणि आग लागली तर बंबांना तिथेच पाणी मिळेल. भाड्याची थोडी जागा त्यात जाईल, हे मला माहीत आहे. तरीही जाऊ द्या.

आगीबद्दल तुम्हाला नव्याने सांगायला नको. 2025 च्या मे महिन्यात वडपे गावच्या हद्दीत एकाच कंपाउंडातली वीसच्या वर गोदामं जळाली. आमच्याकडे मोठी आग लागली की ठाण्याहून, कल्याणहून बंब मागवावे लागतात, आणि ते वाहतुकीने कोंडलेल्या रस्त्यांवरून येतात. तोवर काय होतं ते शेड उभारणाऱ्याला नीट कळतं. उघड्या लोखंडाचं तापमान साडेपाचशे अंशांच्या आसपास गेलं की त्याची ताकद जवळपास अर्ध्यावर येते. तुळया वाकतात, छप्पर आत बसतं आणि मग पाण्याचा फवारा खालच्या आगीपर्यंत पोचतच नाही. म्हणून सुरुवातीची मिनिटं वाचवणारी यंत्रणा आतच हवी: छताला स्प्रिंकलर, धूर बाहेर जायला छपरात झडपा, दोन गाळ्यांमध्ये छपराच्या वर निघणारी आगरोधक भिंत. गारव्यासाठी थर्माकोल भरलेले पॅनेल वापरतात, त्यांच्या जागी दगडी लोकरीचे वापरा. महाग पडतात, पण थर्माकोलसारखे पेटत नाहीत. आणि रसायनांची पिंपं कापडाच्या गठ्ठ्यांशेजारी ठेवू देऊ नका; त्यासाठी वेगळी इमारत, वेगळी परवानगी लागते.

राज्याच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने दर जानेवारी आणि जुलैत आगविरोधी यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं 'ब' प्रमाणपत्र देणं बंधनकारक केलं आहे. ते कागदावर मिळतं, पण प्रत्यक्ष गोदामात काय दिसतं? मी पाहिलेल्या एका गोदामात आपत्कालीन दाराला आतून साखळी होती, चोरीच्या भीतीने, आणि दारासमोर माणसाच्या उंचीपर्यंत खोकी रचलेली होती. हायड्रंटचा नळ होता, मात्र त्याच्या टाकीत पाणी नव्हतं.

त्या दाराच्या आत माणसं होती, आणि मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे ते त्यांच्याबद्दल. नकाशावर गोदाम म्हणजे माल ठेवायची जागा, म्हणून खिडकी नको, पंखा नको, संडास एखादा पुरे. प्रत्यक्षात तिथे हमाल आहेत, पॅकिंग करणाऱ्या बाया आहेत, रात्रभर थांबलेले ड्रायव्हर आहेत. एप्रिल-मेमध्ये उघड्या पत्र्याखाली दुपारी उभं राहवत नाही. पत्र्याखाली उष्णतारोधक थर, वर पांढरा लेप, आढ्यावर वारा खेळायला सलग फट, दिवसा दिवे लागू नयेत म्हणून पारदर्शक पट्ट्या: यातलं काहीही नवं नाही आणि एकूण खर्चात फारसं दिसतही नाही. धोका नुसत्या उन्हाचा नाही: 29 एप्रिल 2023 ला याच तालुक्यातल्या वळपाड्यात इमारत कोसळली. खाली गोदाम, वर राहती कुटुंबं. आठ जण गेले. खालच्या मजल्यावर माल आणि वर संसार, अशी इमारत यापुढे एकही मंजूर होता कामा नये. ज्या उभ्या आहेत त्यांचं संरचनात्मक परीक्षण आधी करा.

अनधिकृत ते सगळं सरसकट पाडा, असं मी म्हणणार नाही. गावातल्या कित्येक आगरी कुटुंबांनी शेती गेल्यावर गाळे बांधले आणि त्याच भाड्यावर मुलांची शिक्षणं केली. नाल्यावर आणि तिवरांवर उभं असेल ते हटवावंच लागेल. बाकीच्यांना मुदत द्या, आग आणि पाण्याच्या अटी लेखी द्या, आणि त्या पुऱ्या करायला कर्जाची वाट काढून द्या. राज्याच्या 2024 च्या लॉजिस्टिक धोरणात दहा हजार एकरांहून अधिक जागेवर सुविधा उभारायचं ठरलं आहे. नव्या पार्कांना सवलती मिळणार असतील, तर जुन्या गाळेवाल्याला दुरुस्तीसाठी मदत मिळायला हवी.

भाडेकरू कंपन्यांनो, खरी किल्ली तुमच्याकडे आहे. तुमच्या अहवालांत हरित गोदामांचे फोटो असतात. मग भोगवटा प्रमाणपत्र आणि चालू 'ब' प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय एकही भाडेकरार करू नका. तुम्ही तेवढं केलंत तर बाजार महिन्याभरात सुधारेल. नोटिसांनी इतक्या वर्षांत ते झालेलं नाही.

आणि प्राधिकरणाकडे एकच मागणी. येत्या पावसाळ्याआधी गावागावातल्या गोदामांची यादी, प्रत्येकासमोर भोगवटा आहे की नाही, अग्निशमन प्रमाणपत्र कधीचं आहे आणि भराव किती फुटांचा मंजूर होता, एवढं लिहून त्या त्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. बाकीची तपासणी आम्ही गावकरी करू.

आपला,
भिवंडी तालुक्यातला एक स्थापत्य अभियंता