दोन चाकं उचलली, गिअरबॉक्स गेला, बिल मात्र मालकाच्या माथी!

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. पण दारात फोर बाय फोर उभी असेल तर शेवटपर्यंत वाचा.

पावसाळ्यात ताम्हिणी असो, वरंधा असो की आंबोली, हा प्रकार आपल्याला नवीन नाही. थार नाहीतर जुनी फोर बाय फोर बोलेरो घाटात बंद पडते. मालक हेल्पलाइनला फोन करतो. क्रेन येते, पुढची दोन चाकं उचलते, मागची रस्त्यावर फिरत ठेवते आणि तीस-चाळीस किलोमीटर टोचन करून गाडी गॅरेजला आणून सोडते. दोन दिवसांनी फिटरचा फोन येतो, "दादा, मूळ काम किरकोळ होतं, पण आता गिअरबॉक्स उतरवावा लागेल."

मग सुरू होतो चेंडू टोलवायचा खेळ. हेल्पलाइन म्हणते, क्रेन आमची नाही, ठेकेदाराची. ठेकेदार म्हणतो, ड्रायव्हरला कुणी सांगितलंच नाही. विमा कंपनी म्हणते, यांत्रिक बिघाड पॉलिसीत बसत नाही. सगळे बरोबर, चुकला फक्त मालक! हे कुठलं गणित?

आधी गाडीत नेमकं काय होतं ते समजून घ्या. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. पण रस्त्यावरची चाकं आतले भाग फिरवतच राहतात, तेही कोरडे. बऱ्याच मॅन्युअल गिअरबॉक्समध्येही इंजिन बंद असताना तेल नीट उडत नाही. गाडी फोर-हायमध्ये राहिली असेल तर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडलेले असतात. पुढची चाकं पट्ट्याने बांधलेली आणि मागची पळतायत, मग सगळा ताण ट्रान्सफर केसवर. कायम चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत मधला डिफरन्शियल किंवा कपलिंग तापून जळतं. म्हणून अशा बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत चारही चाकं जमिनीवरून उचला, म्हणजे सपाट ट्रकवर न्या, असं सांगितलेलं असतं.

आता प्रश्न असा की हे माहीत असणं कुणाचं काम? माझं स्पष्ट मत आहे, ज्याने पैसे घेऊन गाडी उचलायचं काम घेतलं त्याचं. तुम्ही फोनवर नंबर सांगितला की कंपनीच्या स्क्रीनवर गाडीचं मॉडेल येतं. पॉलिसी विकताना प्रीमियम त्याच मॉडेलवरून काढता ना? मग क्रेन पाठवताना ते मॉडेल का दिसत नाही?

आणि हे नुसतं माझं मत नाही. भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 151 बघा. दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेतली की शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी घ्यावीच लागते. टोचन लावल्यापासून गॅरेजच्या दारापर्यंत गाडी तुमच्या ताब्यात होती, राव! नो पार्किंगमधून उचललेल्या गाडीचंही तसंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 127 नुसार उचलण्याचा खर्च मालकाने द्यायचा, मान्य. चूक केली, दंड भरू. पण दंड पार्किंगचा आहे, गिअरबॉक्सचा नाही. उचलताना केलेली मोडतोडही मालकानेच सोसावी, असं त्या कलमात कुठंही लिहिलेलं नाही.

काही जण म्हणतील, घाटात सपाट ट्रक येत नाही. ठीक आहे. मग मागच्या चाकांखाली डॉली लावा, नाहीतर पुस्तिकेत चालत असेल तर फिटर बोलावून प्रोपेलर शाफ्ट सोडवा. तेही जमत नसेल तर "आमच्याकडे साधन नाही" असं सरळ सांगा, मालक दुसरी सोय बघेल. आणखी एक टोमणा असतो, "वीस लाखाची गाडी घेतली, मग रडता कशाला?" अहो, घाटमाथ्यावर जुन्या फोर बाय फोरवर पोट भरणारेही आहेत. एक गिअरबॉक्स म्हणजे त्यांचा अख्खा सीझन जातो.

क्रेनच्या ड्रायव्हरवरही राग नको. त्याला ना कुणी शिकवलं, ना साधन दिलं. जबाबदारी त्याला पाठवणाऱ्याची.

तेव्हा मंडळी, एवढं करा. फोन करतानाच "फोर बाय फोर आहे, सपाट ट्रक पाठवा" असं सांगा आणि तेच मेसेजवरही टाका. क्रेन आली की चारही चाकांचा, किलोमीटर रीडिंगचा आणि टोचन कसं लावलं त्याचा व्हिडिओ काढा. पुस्तिकेतल्या त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. दोनच चाकं उचलायला लागला तर सही करू नका. गॅरेजकडून बिघाडाचं कारण लेखी घ्या. आणि कंपनीने हात वर केले तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जा. पैसे देऊन घेतलेल्या सेवेत त्रुटी राहिली तर तिथे दाद मागता येते. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फीसुद्धा नाही.

आपण गप्प बसून बिल भरतो, म्हणून पुढच्याच्या गाडीलाही तीच क्रेन येते. असा अनुभव आला असेल तर कमेंटमध्ये लिहा, आणि घाटात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकापर्यंत ही पोस्ट पोहोचवा.