एकाच नावाचे दोन अहवाल

नवजात अर्भकाला नाव नसते. आईच्या नावाआधी 'बेबी' जोडून, जुळी असल्यास 'एक' आणि 'दोन' असे लिहून आपण त्याची नोंद करतो. दोन नोंदी सारख्या दिसल्या म्हणून त्यांतील एक खोडायची नसते, हे कोणत्याही परिचारिकेला सांगावे लागत नाही. संगणकातील अहवालांच्या बाबतीत मात्र आपण इतके सावध नसतो. आपल्या मंडळातील पुष्कळ सभासद रुग्णालयांच्या समित्यांवर असतात, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करीत आहे.

एका रुग्णालयाच्या मासिक बैठकीत 'नवजात मृत्यू' या एकाच नावाचे दोन अहवाल पडद्यावर आले. आकडे भिन्न! समजा, महिन्यात 40 अर्भके दाखल झाली. 30 तेथेच जन्मलेली, 10 बाहेरून आणलेली. दगावली 5, त्यांपैकी 3 बाहेरची. सर्व धरल्यास प्रमाण 12.5 टक्के, केवळ तेथे जन्मलेली धरल्यास सुमारे 6.7. गणित दोन्हीकडे बिनचूक. त्या बैठकीत व्यवस्थापनाने लहान आकडा उचलला आणि रात्रपाळीसाठी मागितलेली जादा परिचारिका आम्हांला मिळाली नाही.

अशी जोडी बहुधा घाईतून जन्मते. कोणी मूळ अहवालाची प्रत काढतो, एखादी अट बदलतो, पुढे नोकरी सोडून जातो. प्रत मागे राहते. सारख्या नावाचे अहवाल शोधून जुने पुसावेत, हा संगणक विभागाचा उपाय मला मान्य नाही. आकडे कोणत्या तक्त्यातून येतात, छेदस्थानी कोण आहे, महिना दाखल झाल्याच्या तारखेवरून धरला की मृत्यूच्या, हे आधी ताडून पाहावे. अहवाल कोण उघडतो, याची नोंद 'पॉवर बीआय'सारख्या प्रणालीत मिळते. अधिकृत अहवालावर तसा शिक्काही उमटवता येतो. सर्व बाबी जुळल्या तरच एक ठेवावा. दुसरा काही महिने बाजूला ठेवून मग काढावा. न जुळल्यास ती जुळी भावंडे समजून दोघांना स्वतंत्र नावे द्यावीत. छेदस्थानी कोणती बालके असावीत, हा निर्णय मात्र संगणकतज्ज्ञावर सोपवू नये. तो आपला आहे, आणि कंटाळवाणा म्हणून आपणच तो टाळत आलो आहोत.

त्या रुग्णालयात आता 'येथे जन्मलेली' आणि 'बाहेरून आणलेली' असे दोन अहवाल आहेत. परिचारिकेच्या मागणीचा अर्ज दोन्ही जोडून मी पुन्हा दिला आहे.