ऑइलचं प्रेशर किती, ते बिलावर लिहून मागा

मागच्या जुलैत चिपळूणच्या एका शाळेतल्या बाईंची गाडी टोचन करून माझ्या कराडच्या गॅरेजात आली. कुंभार्ली घाटात खालून दगड लागल्याचा आवाज त्यांनी ऐकला होता. कोयनानगर सोडल्यावर सरळ रस्त्यावर वेग वाढला आणि मीटरवर तेलाच्या किटलीचा लाल दिवा लागला. वाटेतल्या एका गॅरेजात ऑइल प्रेशरचा स्विच बदलून मिळाला. चार किलोमीटरवर दिवा पुन्हा लागला. बाईंनी तिथंच इंजिन बंद केलं आणि फोन लावला. त्यांचं इंजिन वाचलं ते या एका गोष्टीमुळं.

पट्टी काढून बघितली. ऑइल वरच्या खुणेपर्यंत, रंगही चांगला. मग नवा स्विच काढून त्याच्या जागी प्रेशर मोजायचं गेज बसवलं आणि इंजिन गरम होऊ दिलं. आयडलला काटा एक किलोवर होता, म्हणजे ठीक. रेस देत तीन हजार आरपीएमकडं नेऊ लागलो, तर वर चढायचा काटा उलट खाली आला. अर्ध्या किलोच्या खाली गेला तशी चावी बंद केली. इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर उतरवला. दगडानं त्याचा तळ आत ढकलला होता आणि तेल ओढायची जाळी त्या पोचावर जवळजवळ टेकली होती. आयडलला थोडं तेल लागतं, ते त्या फटीतून येत होतं. वेग वाढला की पंप उपाशी राहत होता. चेंबर नवा घातला, एक बेअरिंग उघडून खात्री केली, पुन्हा गेज लावलं. तीन हजारांवर सव्वातीन किलो. हा आकडा मी बिलावर लिहिला.

हा आकडा प्रत्येक गॅरेजनं लिहिला पाहिजे आणि प्रत्येक गाडीमालकानं मागितला पाहिजे, हे सांगायला मी आज लिहायला बसलोय.

लाल दिवा लागला की आमच्या धंद्यात पहिला हात स्विचकडं जातो. स्विच स्वस्त, दहा मिनिटांचं काम, गिऱ्हाईक लगेच मोकळं. आणि कधी कधी स्विचच खराब असतो, हेही खरं. पण तो खराब आहे हे कळणार कशावरून? दिवा फक्त हो किंवा नाही सांगतो. बहुतेक गाड्यांत प्रेशर अर्ध्या किलोच्या आसपास किंवा त्याच्याही खाली गेल्यावर तो लागतो. जिथं तीन किलो पाहिजेत तिथं एकच किलो येत असला, तरी दिवा गप्प असतो. शिवाय तो प्रेशरचा दिवा आहे, ऑइलच्या पातळीचा नव्हे. पट्टीवर ऑइल भरपूर दिसलं म्हणून काळजी मिटली, असं नसतं.

क्रँक आणि बेअरिंग यांच्यात केसाच्या जाडीपेक्षाही बारीक फट असते. प्रेशरनं आलेलं ऑइल त्या फटीत उभं राहतं, म्हणून धातूला धातू लागत नाही. ते गेलं की बेअरिंग काही मिनिटांत घासून निघतं. म्हणून लाल दिवा दिसला की गाडी कडेला घ्यायची आणि इंजिन बंद करायचं. घर दोन किलोमीटरवर असलं तरी बंद करायचं. सपाट जागी पाच मिनिटं थांबून पट्टी पुसून बघायची. कमी असेल तर योग्य ग्रेडचं ऑइल घालून दिवा विझतो का बघता येतं. ऑइल पुरेसं असेल, तर मात्र टोचन. आणखी एक, दगड लागल्यावर गाडी तशीच पळवली आणि इंजिन बसलं, तर साधा विमा त्या इंजिनाचे पैसे सहसा देत नाही.

मिस्त्रीला दिवा नेमका कधी लागतो तेही सांगा. गरम इंजिन, सिग्नलला उभी गाडी, दिवा लुकलुकतो आणि रेस दिली की विझतो, तर बेअरिंग झिजलंय किंवा ऑइल पातळ झालंय. उलट रेस दिल्यावर लागतो, तर बाईंच्या गाडीसारखं तेल ओढण्यातच अडथळा असू शकतो. बीएस ६ डिझेल गाड्या गावातल्या गावात फिरवल्या, की सायलेन्सरमधला फिल्टर साफ करायला सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरू शकतं. पट्टीवर ऑइल वाढलेलं दिसतं आणि माणूस निश्चिंत राहतो. त्या पट्टीचा वास घ्या.

काही ठिकाणी याहून वाईट चालतं. स्विचची वायरच काढून ठेवतात. जुन्या, साध्या वायरिंगच्या गाड्यांत वायर निघाली की दिवा कधीच लागत नाही. सेकंडहँड गाडी बघायला गेलात, तर इंजिन सुरू करण्याआधी नुसती चावी फिरवा. किटलीचा दिवा लागलाच पाहिजे. लागला नाही, तर का लागला नाही ते कळल्याशिवाय पैसे देऊ नका. झिजलेल्या इंजिनात जाड ऑइल भरूनही दिवा काही दिवस दाबता येतो. गरम इंजिनावरचा आकडा मागितला की अशा गाडीचं खरं वय बाहेर येतं.

मी हे इतकं कळकळीनं लिहितो, त्याला कारण आहे. २००९ साली भाजीचा धंदा करणाऱ्या एका माणसाची व्हॅन माझ्याकडं आली होती. दिवा आयडलला लुकलुकत होता. मी स्विच बदलला, अडीचशे रुपये घेतले. नवा स्विच थोड्या कमी प्रेशरला लागणारा असावा, कारण दिवा विझला. अकराव्या दिवशी पहाटे उंब्रजजवळ त्याचं इंजिन जाम झालं. भाजी गाडीतच राहिली. हाफ इंजिनचं काम निघालं, कनरॉड निळा पडला होता. त्यानं मला एकच विचारलं, "मिस्त्री, तुम्ही तर बघितलं होतं ना?" बघितलं होतं, मोजलं नव्हतं. काम मी मजुरी न घेता करून दिलं, पण त्याचे बुडालेले तीन आठवडे मला भरून देता आले नाहीत.

त्याच आठवड्यात मी गेज घेतलं. आज ते दोन-तीन हजारांत मिळतं, वर्षानुवर्षं टिकतं. लावायला अर्धा तास जातो, त्या वेळेची मजुरी घ्या की. गिऱ्हाईक देतं, समोर उभं करून काटा दाखवला तर नक्की देतं. एक किलो म्हणजे साधारण चौदा पौंड, दर हजार आरपीएमला दहा पौंड हा आमचा जुना ठोकताळा, आणि कंपनीच्या पुस्तकातला आकडा त्याहून खात्रीचा. बिलावर दोनच ओळी लागतात: गरम इंजिन, आयडलला इतकं, तीन हजारांवर इतकं.

त्या बाई दिवाळीत सर्व्हिसिंगला आल्या. जुलैचं बिल त्यांनी गाडीच्या कागदांत जपून ठेवलं होतं. म्हणाल्या, "आधी गेज लावा, मग ऑइल काढा." लावलं. सव्वातीन.